विल्यम टेंपल यांच्यावर भाषण किंवा लेख तयार करायचाय? मग असं करा

तरुण संघात नाहीतर कॉलेजात "ख्रिस्ती समाजसुधारणेत अँग्लिकन पुढाऱ्यांची भूमिका" असला विषय गळ्यात पडला की आधी तो विषय कापा. वीस मिनिटात एवढं कुणालाच झेपत नाही, मग लोक काय करतात तर मॉरिसपासून डेस्मंड टुटूंपर्यंत पंधरा नावं घेतात, प्रत्येकाच्या वाट्याला दोन वाक्यं, सगळेच थोर, सगळेच गरिबांचे कैवारी, टाळ्या पडतात आणि बाहेर चपला घालेपर्यंत ऐकणाऱ्याच्या डोक्यात एकही नाव उरत नाही. एकच माणूस घ्या. मला विचाराल तर विल्यम टेंपल घ्या, १९४२ ते १९४४ कँटरबरीचे आर्चबिशप, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचे (अँग्लिकन परंपरेचं मूळ चर्च) सगळ्यात वरचे धर्मगुरू. ते सगळ्यात मोठे सुधारक होते असं माझं म्हणणं अजिबात नाही, पण चर्चने समाजाच्या भानगडीत कुठपर्यंत पडायचं आणि कुठे थांबायचं याचा हिशोब त्यांनी स्वतः लिहून ठेवलाय, आणि तो हिशोब त्यांच्याच आयुष्याला लावून बघता येतो. अभ्यास करणाऱ्याला आणखी काय पाहिजे.

आधी माणूस नक्की करा

हे हसण्यावारी नेऊ नका. नुसतं टेंपल सर्च केलं की देवळंच येतात, विल्यम टेंपल टाकलं की सतराव्या शतकातला एक इंग्रज मुत्सद्दी येतो, आणि महाराष्ट्रातल्या पुस्तकात टेंपल दिसला तर तो बहुतेक रिचर्ड टेंपल असतो, १८७७ ते १८८० मुंबईचा गव्हर्नर. दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा पुरे असं ठरवणारा तो हाच, त्यावरून केवढा गदारोळ झाला होता. आपल्या टेंपलचा त्याच्याशी काही संबंध नाही, पण आडनाव एकच असल्यामुळे नोट्समध्ये सरमिसळ व्हायला वेळ लागत नाही. चौथे टेंपल म्हणजे विल्यमचे वडील फ्रेडरिक टेंपल, तेही कँटरबरीचे आर्चबिशपच, १८९६ ते १९०२. म्हणजे नुसतं "आर्चबिशप टेंपल" असं कुठे दिसलं की साल बघायचं, मगच वहीत उतरवायचं.

चरित्र दहा ओळीत आटपा. १५ ऑक्टोबर १८८१ ला एक्सेटरमध्ये बिशपच्या वाड्यात जन्म, शाळा रग्बी, मग ऑक्सफर्डचं बॅलिओल कॉलेज, लहानपणापासून संधिवातासारखा गाऊट, एका डोळ्याने पुढे दिसेनासंच झालं. १९०६ मध्ये ऑक्सफर्डच्या बिशपने त्यांना पाळकपदाची दीक्षा द्यायला नकार दिला कारण कुमारी मातेपासून जन्म आणि पुनरुत्थान याबद्दल त्यांची खात्री अजून पक्की नव्हती, मग १९०८ मध्ये आर्चबिशप डेव्हिडसन यांनी दिली. पुढे रेप्टन शाळेचे हेडमास्तर, लंडनमध्ये पिकॅडिलीच्या चर्चचे पाळक, १९२१ ला मँचेस्टरचे बिशप, १९२९ ला यॉर्कचे आर्चबिशप, १९४२ ला कँटरबरी, आणि २६ ऑक्टोबर १९४४ ला मृत्यू. कँटरबरीला जेमतेम अडीच वर्षं मिळाली आणि तीही ऐन युद्धात.

यातली एकच गोष्ट थोडी खुलवून सांगा. पुढची बरीचशी कहाणी तिच्यातून निघते. बिशपच्या वाड्यात वाढलेल्या या मुलाला मजुरांची ओळख झाली ती वर्कर्स एज्युकेशनल असोसिएशनमधून, म्हणजे दिवसभर गिरणीत नाहीतर खाणीत राबून रात्री इतिहास-अर्थशास्त्र शिकायला येणाऱ्या लोकांची संस्था, १९०३ ला अल्बर्ट मॅन्सब्रिजने काढलेली. टेंपल १९०८ ते १९२४ अशी सोळा वर्षं तिचे अध्यक्ष होते. शाळेतला मित्र आर. एच. टॉनी हा त्याच संस्थेचा कार्यकर्ता, पुढे मोठा आर्थिक इतिहासकार झाला, जन्म कलकत्त्याचा. टॉनीचा मेहुणा विल्यम बेव्हरिज, तोही बॅलिओलचाच, जन्म बंगालमधल्या रंगपूरचा. १९४२ चा बेव्हरिज रिपोर्ट, ज्यावर ब्रिटनची सामाजिक सुरक्षा उभी राहिली, तो यांचा. म्हणजे बिशप, प्राध्यापक आणि सरकारी रिपोर्टवाला हे तिघं एकमेकांना तरुणपणापासून ओळखत होते, आणि टेंपलच्या भूमिकेचा अर्धा उलगडा इथेच होतो, एकटा संत डोंगरावरून खाली उतरला असली गोष्ट ही नाहीच.

वहीत चार रकाने पाडा

आता मुख्य काम. वहीचं पान आडवं धरा, चार रकाने आखा. पहिल्यात लिहा चर्च म्हणून सांगितलेलं तत्त्व, दुसऱ्यात दिशा, तिसऱ्यात टेंपलचं स्वतःचं मत, चौथ्यात प्रत्यक्ष काय घडलं. टेंपलबद्दल जे जे वाचाल ते यातल्या एकाच रकान्यात टाकायचं, आणि कुठे टाकावं ते कळत नसेल तर पुढे जायचं नाही, तिथेच थांबून परत वाचायचं.

हे रकाने मी मनाने काढलेले नाहीत. टेंपलने १९४२ मध्ये 'ख्रिश्चॅनिटी अँड सोशल ऑर्डर' नावाचं छोटं पुस्तक काढलं, पेंग्विनची स्वस्त आवृत्ती, लाखाच्या वर प्रती खपल्या, युद्धाच्या दिवसात, कागदाची टंचाई असताना. त्यात ते म्हणतात की चर्चने तत्त्व सांगावं आणि चालू व्यवस्था त्या तत्त्वाच्या आड कुठे येते तेही दाखवावं, पण नेमका उपाय काय हे चर्चने चर्च म्हणून सांगू नये, ते काम नागरिकांचं, त्या त्या विषयातल्या जाणकारांचं. त्यांनी पुलाचं उदाहरण दिलंय. पूल बांधायचा असेल तर चर्च इंजिनिअरला एवढं बजावू शकतं की बाबा पूल सुरक्षित असला पाहिजे ही तुझी जबाबदारी आहे, पण त्याने काढलेलं डिझाईन सुरक्षित आहे का नाही हे सांगायचा चर्चला हक्क नाही. इंजिनिअर ख्रिस्ती असो नसो, त्याला गणित आलं पाहिजे. मला ही मांडणी आवडते, कारण आपल्याकडे आणि तिकडेही धर्माच्या गादीवर बसलेला माणूस एकतर सगळ्यावर बोलतो नाहीतर कशावरच बोलत नाही.

पहिल्या रकान्यात काय येईल? प्रत्येक माणूस देवाचं लेकरू, म्हणून त्याची किंमत राज्याने ठरवलेली नाही आणि राज्याला ती काढूनही घेता येत नाही. त्यातून निघणाऱ्या तीन गोष्टी: स्वातंत्र्य, एकमेकांबरोबरची संगत म्हणजे कुटुंब-गाव-युनियन-चर्च असली माणसांची छोटी छोटी वर्तुळं, आणि सेवा. आणि हो, पाप विसरू नका. टेंपलला लोक भोळा आशावादी समजतात पण पुस्तकात ते सरळ लिहितात की प्रत्येक माणूस स्वतःला जगाच्या मध्यभागी धरून चालतो, ही खोड उपदेशाने जात नाही, म्हणून कायदे आणि व्यवस्था अशा लावल्या पाहिजेत की माणसाचा स्वार्थच त्याला न्यायाकडे ढकलेल. हे मात्र भाषणात नक्की घ्या, ऐकणारे एकदम सावध होतात.

दुसरा रकाना दिशेचा, त्यात टेंपलची सहा उद्दिष्टं बसतात. प्रत्येक मूल नीटनेटक्या घरात, उपासमार आणि दाटीवाटीशिवाय वाढावं. प्रत्येक मुलाला जाणतं होईपर्यंत शिक्षण. घर चालवता येईल, मुलं वाढवता येतील एवढं खात्रीचं उत्पन्न. कामगाराला तो राबतो त्या धंद्याच्या कारभारात बोलायचा हक्क. रोज थोडा मोकळा वेळ, आठवड्याला दोन दिवस सुट्टी आणि वर्षातून एकदा पगारी रजा. उपासनेचं, बोलण्याचं, जमण्याचं, संघटनेचं स्वातंत्र्य. यादी वाचून दाखवताना पगारी रजेपाशी जरा थांबा. आर्चबिशप पगारी रजेवर लिहितोय ही गोष्ट लोकांच्या लक्षात राहते, त्यातून टेंपलचा देव किती खालपर्यंत उतरून बघतो ते आपोआप कळतं, तुम्हाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

तिसरा रकाना म्हणजे पुस्तकाचं परिशिष्ट. तिथे टेंपल स्वतः म्हणतात की आता पुढे जे लिहितोय ते माझं वैयक्तिक मत, हे मानलं नाही म्हणून कुणी कमी ख्रिस्ती ठरत नाही. कुटुंबभत्ता, शाळेत मुलांना दूध आणि जेवण, घरबांधणीचं प्रदेशवार नियोजन, कंपनीच्या बोर्डावर कामगारांचे प्रतिनिधी असले प्रस्ताव त्यात आहेत. छापायच्या आधी मजकूर अर्थतज्ज्ञ केन्सला दाखवून घेतला होता. बहुतेक लेखात परिशिष्टातली वाक्यं उचलून "चर्चने मागणी केली" म्हणून छापलेली दिसतात, रकाने पाडले की ही गफलत तुमच्याकडून होणार नाही.

चौथा रकाना रिकामा राहायला लागला की घाबरू नका

कारण तो बऱ्याच वेळा रिकामाच राहतो, आणि खरा अभ्यास तिथूनच सुरू होतो. चारेक प्रसंग घ्या आणि नीट सांगा, बाकीचे सोडून द्या.

पहिला १९२६ चा. मे महिन्यात नऊ दिवस देशभर संप झाला, तो मिटला, पण खाणकामगारांना मालकांनी बाहेरच ठेवलं होतं ते वर्षअखेरपर्यंत. काही बिशप आणि इतर पंथांचे पुढारी मिळून समेट घडवायला गेले, टेंपल सुरुवातीला उपचारासाठी देशाबाहेर होते ते येऊन सामील झाले. पंतप्रधान बाल्डविन वैतागले, त्यांनी विचारलं की मी जर अथेनेशियन मतांगीकार, म्हणजे चर्चचं जुनं श्रद्धावचन, सुधारायचं काम लोखंड-पोलादवाल्यांच्या फेडरेशनकडे दिलं तर बिशप लोकांना कसं वाटेल? टोमणा झकास आहे, भाषणात हशा हमखास. पण हशावर सोडू नका. टेंपलने पुढे स्वतःच्या पुस्तकात हा टोमणा स्वतःच नोंदवला, आणि पुलाचं उदाहरण त्या टोमण्याला दिलेलं उत्तर म्हणून वाचून बघा, लगेच अर्थ लागतो. बाल्डविनचा मुद्दा अर्धा बरोबर होता, टनामागे किती मजुरी परवडते हे बिशपला ठरवता येत नाही. पण घरात चूल पेटत नाही म्हटल्यावर तडजोड करा असं सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. समेट झाला नाहीच. चौथ्या रकान्यात लिहा: अपयश.

याच्या शेजारी १८९२ मांडा, म्हणजे चित्र पुरं होतं. डरहॅमचे खाणकामगार तेव्हाही बाहेर होते, आणि बिशप वेस्टकॉट यांनी मालक आणि कामगार दोघांना ऑकलंडच्या आपल्या वाड्यावर बोलावून समेट घडवला. तोच भाग, तोच धंदा, तिथे जमलं आणि इथे नाही, का? १८९२ चं भांडण एका जिल्ह्याचं होतं आणि दोन्ही बाजू एका घरात बसवता येत होत्या, १९२६ ला सगळा देश, सरकार, सरकारी अनुदानाचा प्रश्न, सगळं मध्ये आलं होतं. बिशपच्या वजनाला मर्यादा असते ती अशी. आणि सगळे बिशप टेंपलच्या बाजूचे होते असंही समजू नका, डरहॅमचेच नंतरचे बिशप हेन्सन अशा मध्यस्थीच्या साफ विरोधात. खाणकामगारांचा त्यांच्यावर इतका राग की १९२५ च्या डरहॅमच्या कामगार मेळाव्यात लोकांनी तिथले डीन (कॅथेड्रलचे प्रमुख) वेल्डन यांनाच हेन्सन समजून नदीकडे रेटत नेलं, शेवटी बोटीतून त्यांची सुटका करावी लागली. बिचारे डीन दारूबंदीवर बोलायला आले होते.

दुसरा प्रसंग १९३४. मंदीत १९३१ ला बेकारभत्ता दहा टक्के कापला होता. १९३४ मध्ये सरकारकडे पैसे शिल्लक राहणार असं दिसायला लागलं तेव्हा टेंपल यॉर्कचे आर्चबिशप, त्यांनी पेपरात पत्र लिहून इन्कमटॅक्स भरणाऱ्यांना सुचवलं की आपापल्या खासदाराला कळवा, आमचा टॅक्स नंतर कमी करा, आधी बेकारांची कपात परत द्या. अर्थमंत्री नेव्हिल चेंबरलेन चिडले. त्या वर्षीच्या बजेटात कपात परतही मिळाली आणि टॅक्सही कमी झाला, पण म्हणून पत्रामुळे झालं असं लिहू नका, नंतर घडलं म्हणजे त्याच्यामुळे घडलं असं होत नाही. पत्राचा खरा मुद्दा वेगळाच आहे. ते सरकारला उद्देशून नाही, मंत्र्याला उद्देशून नाही, ते चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणाऱ्या पैसेवाल्यांना उद्देशून आहे. तुमच्या खिशात यायचे पैसे आहेत, ते तुम्हीच नको म्हणा. सरकारला शिव्या घालणं सोपं असतं हो.

आणि हा माणूस नुसती पत्रंच लिहीत नव्हता. त्यांच्या पुढाकारातून बेकारीची रीतसर पाहणी झाली आणि १९३८ ला पिलग्रिम ट्रस्टने 'मेन विदाउट वर्क' हा रिपोर्ट काढला. डेप्टफर्ड, लेस्टर, र्‍होंडा, क्रूक, लिव्हरपूल, ब्लॅकबर्न अशा सहा ठिकाणी लांब मुदतीच्या बेकारांच्या घरी जाऊन माहिती गोळा केली. पाहणी करणाऱ्यात जर्मनीतून आलेला हान्स सिंगर होता, विकासाचं अर्थशास्त्र शिकलेल्यांना हे नाव ओळखीचं असेल, प्रेबिश-सिंगर मधला सिंगर तो हाच. टेंपलचं पुढचं एक म्हणणं या पाहणीशिवाय कळत नाही: बेकाराचं सगळ्यात मोठं दुःख भुकेचं नाही, आपली कुणाला गरजच नाही असं वाटणं हे आहे, आणि ते नुसत्या भत्त्याने भरून येत नाही. आधी घरोघर जाऊन विचारलं, मग देवाचं नाव घेऊन बोलले. तुमच्या टिपणात हा क्रम उलटा होऊ देऊ नका.

परिषदा थोडक्यात घ्या. १९२४ ला बर्मिंगहॅमची कोपेक, लांबलचक नाव आहे, राजकारण-अर्थकारण-नागरिकत्वावरची ख्रिस्ती परिषद, अध्यक्ष टेंपल, बारा खंडांचे रिपोर्ट. रिपोर्ट कुणी फारसे वाचले नसतील पण तिच्यातून बर्मिंगहॅमात पडकी घरं विकत घेऊन दुरुस्त करून गरिबांना भाड्याने देणारी संस्था निघाली, ती चौथ्या रकान्यात जाड अक्षरात लिहा. मग जानेवारी १९४१ ची मॉल्व्हर्न परिषद. तिथे खासदार रिचर्ड अ‍ॅकलंड हट्ट धरून बसले की उद्योगांची खासगी मालकी हा ख्रिस्ती जीवनातला अडथळा आहे असं ठरावात स्पष्ट म्हणा, शेवटी टेंपलच्या मध्यस्थीने "आहे" च्या जागी "असू शकतो" अशा अर्थाचं वाक्य आलं. डावे म्हणाले शेपूट घातली, उजवे म्हणाले आर्चबिशप कम्युनिस्ट झाला. तुम्ही दोन्हीपैकी काहीही म्हणा पण आधी रकाना बघून म्हणा, "आहे" म्हटलं असतं तर तिसऱ्या रकान्यातलं मत पहिल्यात जाऊन बसलं असतं.

शेवटचा प्रसंग १९४४ चा शिक्षण कायदा, इथे चौथा रकाना भरतो. इंग्लंडमधल्या चर्चच्या शाळा जुन्या, पडक्या, दुरुस्तीला पैसे नाहीत, आणि शाळा सोडायचीही तयारी नाही. शिक्षणमंत्री बटलर यांनी पर्याय ठेवला: बांधकाम-दुरुस्तीचा अर्धा खर्च उचला आणि शाळा बऱ्यापैकी आपल्या हातात ठेवा, नाहीतर सगळा खर्च सरकारचा आणि बराचसा ताबाही सरकारचा. चर्चमध्ये भांडणं झाली. टेंपलने आपल्या लोकांना हे पटवलं, का तर सगळ्या मुलांना फुकट माध्यमिक शिक्षण मिळतंय आणि शाळा सोडायचं वय वाढतंय हे आपल्या बोर्डावरच्या नावापेक्षा मोठं आहे. अर्थात फुकटात नाही, रोजची प्रार्थना आणि धर्मशिक्षण कायद्यात घालून घेतलं, आणि त्यावर आजही तिकडे वाद होतात. सुधारणा म्हणजे काय हे मला या वाटाघाटीत जेवढं दिसतं तेवढं कुठल्याच भाषणात दिसत नाही. एवढं प्रचंड चर्च आपल्या हातातल्या हजारो शाळांवरचा ताबा सोडायला तयार होतं, ते काही एका दिवसात नाही झालं.

मग चर्चचा खिसा तपासा

हा भाग लोक हमखास गाळतात, कुणी दुखावेल म्हणून असेल. कुठल्याही धर्मपुढाऱ्याच्या समाजसुधारणेवर लिहिताना त्याच्या संस्थेचं उत्पन्न कुठून यायचं ते विचाराच. चर्च ऑफ इंग्लंडच्या मालमत्तेचा कारभार बघणाऱ्या एक्लेसिअ‍ॅस्टिकल कमिशनर्सकडे कोळशाच्या जमिनी होत्या, जमिनीतून निघणाऱ्या कोळशावर त्यांना रॉयल्टी मिळायची, १९३८ च्या कायद्याने ती राष्ट्राकडे गेली. म्हणजे १९२६ ला बिशप समेटाला गेले तेव्हा खाणकामगाराच्या घामाचा थोडा पैसा चर्चच्या तिजोरीतही पडत होता. याने टेंपल खोटे ठरत नाहीत. पण हे माहीत असलं की "चर्च तिसरी, तटस्थ बाजू" असं वाक्य तुम्ही लिहिणार नाही.

अलीकडचं उदाहरण हवं तर २०१३ चं घ्या. कँटरबरीचे तेव्हाचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी भरमसाट व्याजाने छोटी कर्जं देणाऱ्या वोंगा कंपनीला सांगितलं की आम्ही पतसंस्था उभ्या करून तुम्हाला स्पर्धेतून बाहेर काढू, आणि लगेच दुसऱ्या दिवशी बातमी की चर्चच्याच पेन्शनचा थोडा पैसा आडवळणाने त्याच कंपनीत गुंतलेला. वेल्बींनी लाज वाटते असं जाहीर कबूल केलं.

टीका स्वतःहून सांगा, कुणी विचारायची वाट बघू नका

दोन गोष्टी पुरेत. एक, युद्धात जर्मन शहरांवर सरसकट बॉम्ब टाकले जात होते तेव्हा त्याविरुद्ध ब्रिटिश संसदेच्या लॉर्ड्स सभागृहात फेब्रुवारी १९४४ मध्ये उभे राहिले ते चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल, टेंपल नाही. आर्चबिशपने युद्ध कसं लढावं हे सेनापतीला सांगू नये हे त्यांच्या पुलाच्या नियमात बसतं, आणि तिथेच मला तो नियम तोकडा वाटतो. पूल सुरक्षित हवा असं सांगून थांबणं ठीक, पण पूल पडताना डोळ्याने दिसत असेल तर? उलट बाजूने हेही लिहा की २३ मार्च १९४३ ला याच टेंपलने त्याच सभागृहात नाझींच्या तावडीतून सुटणाऱ्या ज्यूंना ताबडतोब आसरा द्या अशी मागणी केली होती, आपण इतिहासाच्या, माणुसकीच्या आणि देवाच्या न्यायासनापुढे उभे आहोत अशा अर्थाचे त्यांचे शब्द प्रसिद्ध आहेत. सरकार फारसं हललं नाही. १९४२ ला ख्रिस्ती आणि ज्यूंची संयुक्त परिषद स्थापन झाली तिच्यातही ते आणि मुख्य राब्बी हर्ट्झ होते.

दुसरी टीका वर्गाची. बॅलिओल, रग्बी, लॉर्ड्स सभागृह, जुने मित्र, सगळा वरच्या लोकांचा कारभार, कामगार बोलतोय आणि बिशप ऐकतोय असं चित्र कमी, बिशप कामगाराबद्दल बोलतोय असं जास्त. मला ही टीका बरीचशी पटते. नाईट क्लासच्या सोळा वर्षांचं पारडं मात्र दुसऱ्या बाजूला टाका. १९१८ ला ते लेबर पक्षाचे सभासदही झाले होते, काही वर्षं राहिले.

आपल्याकडचा धागा ओढूनताणून नको

पाळकसाहेब सांगणार, "आपल्या लोकांना जवळचं वाटेल असं काही घाल." घाला, पण टेंपलचा महाराष्ट्राशी थेट संबंध जोडायच्या नादी लागू नका. खरा धागा परंपरेचा आहे. इंग्लंडात ज्या हाय चर्च, म्हणजे जुन्या विधी-उपासनेवर भर देणाऱ्या अँग्लिकन, मंडळींमधून ख्रिस्ती समाजवादाचे बरेच कार्यकर्ते निघाले, त्याच वळणाचे काउली फादर्स आणि इंग्लंडमधल्या वाँटेजच्या सिस्टर्स, म्हणजे अँग्लिकन मठवासी फादर आणि जोगिणी, पुण्यात काम करत होते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये वाँटेजलाच झाला. पंचहौद मिशन तर सगळ्यांना माहीत, १८९० चा तो चहा, टिळक, रानडे, गोखले, आणि मग चहापायी उठलेलं ग्रामण्य! ऐकणारे पुण्याचे असतील तर हे एक वाक्य पुरतं, पुढे ताणू नका, विषय टेंपल आहे. वेस्टकॉटचं नाव घेतलंच असेल तर त्यांचे मुलगे मिशनरी म्हणून भारतात आले आणि फॉस वेस्टकॉट कलकत्त्याचे बिशप झाले हे सांगता येईल. आणि श्रोते चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे असले तर आपली अँग्लिकन मंडळी २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात इतर पंथांबरोबर त्यात मिळाली एवढी आठवण करून द्या, नाहीतर अँग्लिकन म्हणजे दुसरंच कुणीतरी असं तरुण पोरांना वाटतं.

बोलायला उभं राहायच्या आधी

वीस मिनिटं असतील तर चरित्राला तीन, रकान्यांना पाच, प्रसंगांना आठ, खिसा आणि टीका मिळून चार. प्रसंग चारही जमत नसतील तर १९३४ आणि १९४४ ठेवा, १९२६ चा टोमणा मधे कुठेतरी बसवून टाका. सहा उद्दिष्टं पाठ म्हणू नका, कागदावर छापून वाटा, नाहीतर आदल्या दिवशी ग्रुपवर टाका, म्हणजे लोक तयारीने येतात. लेख लिहीत असाल तर पहिला परिच्छेद जन्मतारखेने सुरू करू नका, १९३४ च्या पत्राने करा.

प्रश्नोत्तरात तीन प्रश्न येणारच. "टेंपल कम्युनिस्ट होते का?" नाही, आणि परिशिष्टात खासगी मालमत्ता रद्द करा असं कुठे म्हटलेलं नाही, तिचा वापर समाजाच्या हिताशी बांधा असं म्हटलंय. "चर्चने राजकारणात पडावं का?" इथे स्वतःचं उत्तर द्यायची घाई नको, रकाने परत दाखवा आणि विचारणाऱ्यालाच विचारा की तुमच्या मते कुठल्या रकान्यात पडू नये, बहुतेक वेळा माणूस तिसरा म्हणतो आणि पहिल्या-दुसऱ्याला त्याची काही हरकत नसते. तिसरा प्रश्न म्हाताऱ्या बाकावरून येतो, "हे सगळं ठीक, पण आत्म्याच्या तारणाचं काय?" त्याला टाळू नका. विद्यापीठातून मिशन, म्हणजे श्रद्धेवरच्या सभा, घेत फिरणारे, योहानाच्या शुभवर्तमानावर जाडजूड पुस्तक लिहिणारे आणि पगारी रजेवर लिहिणारे टेंपल एकच होते, ते योहानावरचं पुस्तक त्यांनी यॉर्कला असताना पुरं केलं. कुणाला पुढे वाचायचं असेल तर आधी १९४२ चं छोटं पुस्तक द्या, योहान नंतर.